जिगर नंबर चारचा कागद

१

लोटू बोरसे मेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिलमध्ये सगळ्यात मोठी काळजी चालली होती ती एका कॉम्प्युटरची.

सुरतेतल्या उधन्याच्या त्या कापड रंगवणाऱ्या मिलचे मालक हसमुखभाई शेठ फोनवर म्हणाले, "छायाबेन, जल्दी आवो. दुपारी कारखाना निरीक्षक येणार, आणि खालच्या कॅबिनमधला कॉम्प्युटर नुसती एरर देतो. मोठी इज्जत जाईल."

"माणूस मेला म्हणे तुमच्याकडे."

"हा, ते पण आहे."

छाया वानखडेनं फोन ठेवला आणि रिक्षा पकडली.

पर्वत पाटियाला तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मूळची अकोल्याची, चाळिशी उलटलेली. आधी ती कॉलेजात गणित शिकवायची; शिकणाऱ्यांपेक्षा शिकवणारे जास्त मठ्ठ आहेत असं तोंडावर सांगून तिनं ती नोकरी सोडली. तिच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती. ज्यांना काही कळत नाही ती, आणि ज्यांना काही कळत नाही पण बोलल्याशिवाय राहवत नाही ती. पहिल्या प्रकारची तिला चालायची.

दुसऱ्या प्रकारचे एक गृहस्थ फाटकातच उभे होते. प्रोडक्शन मॅनेजर योगेंद्र देसले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"अडाणी लोक आहेत हो मॅडम," देसल्यांनी चालता चालता सुरुवात केली. "जिगर नंबर चार म्हणजे कापड रंगवायचं उघडं मशीन. रंग झाला की कापड कॉस्टिक आणि हायड्रोची पूड घातलेल्या पाण्यात उकळायचं. मग ते पाणी सोडून द्यायचं, कापड दोनदा धुवायचं, आणि मग अ‍ॅसिड. इतकं सोपं! ह्यांनी धुतलंच नाही. हायड्रोच्या पाण्यातच अ‍ॅसिड ओतलं. विषारी वायू निघाला. लोटू वाकून कापड बघत होता, सगळा त्याच्या छातीत गेला. संध्याकाळी हॉस्पिटलात संपला."

"ओतलं कोणी?"

"चिंधा कोळी म्हणून आहे एक. टाइम ऑफिसात हवालदाराजवळ बसवलाय. सकाळी सगळ्या कामगारांना मी फाटकावर सांगितलंच, ह्या दोघांच्या चुकीनं झालं म्हणून."

"पण कृती छापून मिळते ना तुमच्याकडे? ती व्यवस्था कोणीतरी माझ्याच दुकानातून नेली होती."

"तेच तर! लॅबमधली केमिस्ट, दिपाली शिरुडे, कृती डेटाबेसमध्ये टाकते. खाली कॅबिनमध्ये एक्सेलचं पत्रक आहे. ते उघडलं की डेटाबेसमधून कृती ओढून घेतं. मग कागद छापायचा. पण काल कॅबिनचा कॉम्प्युटर डेटाबेसला जोडलाच जात नव्हता. म्हणजे कागद निघालाच नाही. चिंधानं मनानं ओतलं, आणि आता म्हणतो, कागदावर धुणं लिहिलेलंच नव्हतं."

"कागद कुठंय?"

"म्हणतो, मशीनच्या पाण्यात पडून लगदा झाला." देसले हसले. "मागच्या महिन्यातही अशीच एरर आली होती. तेव्हा ह्या शहाण्यांनी पत्रकात राहिलेली आदल्या दिवशीचीच कृती छापून घेतली. एक अख्खा लॉट जांभळा झाला! मी फाडून खाल्ला होता एकेकाला."

"आणि डेटाबेसमध्ये आत्ता काय आहे?"

"दोन धुलाया, स्वच्छ लिहिलेल्या. मी स्वतः लॅबमध्ये जाऊन पाहिलं."

छायानं मान डोलावली. कॅबिनच्या दारात पोचल्यावर ती थांबली. कॉम्प्युटरवर एररची चौकट उभी होती. त्या चौकटीमागं पत्रक अर्धवट दिसत होतं. तिनं ते वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"देसलेसाहेब," ती म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा. तुमच्या मिलमध्ये कोणीतरी फार खोटं बोलतंय, आणि तुम्ही ते फार मन लावून ऐकलंय."

२

कॉम्प्युटरची जबाबदारी कुंदनकडे होती. लिंबायतचा पोरगेला गडी, केसांना जेल, कॉम्प्युटर क्लासचं सर्टिफिकेट फ्रेम करून टेबलावर.

"मॅडम, नेटवर्कचाच लोचा आहे," तो म्हणाला. "उंदीर. हे बघा." त्यानं टेबलाखालून एक कुरतडलेली वायर ओढून दाखवली.

"छान. आता ऑफिसातल्या सर्व्हरचं ड्राइव्ह उघड."

कुंदननं उघडलं. फोल्डरांची रांग समोर आली.

"उंदरानं खाल्लेल्या वायरमधून हे सगळं कसं आलं रे?"

कुंदन हातातल्या वायरीकडे बघू लागला.

"ही टेलिफोनची वायर आहे. जुनी. मेलेली." छायानं ती त्याच्या हातातून घेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकली. "क्लासवाल्यांनी सर्टिफिकेट दिलं, वायर ओळखायला शिकवलं नाही. काल होतास कुठं?"

"पर्वत पाटियाला. प्रिंटरचं कार्ट्रिज आणायला. दुपारी आलो तर लोटूकाकांना नेलेलं होतं, आणि सगळे म्हणत होते, कॉम्प्युटरच्या एररमुळे झालं." त्याचा आवाज पडला. "मॅडम, जोडणी मीच बसवली होती. मला वाटलं, माझ्यामुळेच गेले ते. म्हणून उंदीर सांगितला."

"म्हणजे चिंधा जेलमध्ये गेला तरी चालेल, पण आपल्यावर नको."

कुंदननं मान खाली घातली. छायाला त्याची दया आली नाही. पण खोटं बोलायलाही अक्कल लागते, आणि ती ह्याच्याकडे नाही, एवढं तिला पटलं.

"कंट्रोल पॅनेल उघड. डेटाबेसचा पत्ता कुठे लिहिलाय, ते दाखव."

त्यानं दाखवला. दोघांनी एकदमच पाहिलं. फोल्डरच्या नावात शेवटी एक जास्तीचं अक्षर होतं. त्या नावाचं फोल्डर सर्व्हरवर नव्हतंच. एक्सेल बिचारं नसलेलं घर शोधत होतं.

"हे उंदरानं टाइप केलं?"

"कोणीतरी मुद्दाम..." कुंदनचे डोळे मोठे झाले. "साधी गोष्ट आहे मॅडम, अक्षर काढतो, पत्रक रिफ्रेश करतो, झालं काम!"

त्यानं अक्षर खोडलं. आनंदानं तो एक्सेलकडे वळला, माउस रिफ्रेशच्या बटनावर नेला.

छायानं त्याचं मनगट धरलं. इतक्या जोरात, की तो कळवळला.

"ते बटन दाबलंस," ती हळू आवाजात म्हणाली, "तर त्या चिंधाला तू स्वतःच्या हातानं जेलमध्ये टाकलंस समज."

तिनं त्याला कॅबिनबाहेर काढलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

३

चिंधा कोळी टाइम ऑफिसातल्या बाकावर बसला होता. शेजारी हवालदार शेंगदाणे खात होता. चिंधाचे डोळे अजून वायूनं लाल होते, आणि बोलताना त्याला खोकला येत होता.

"बटन दाबं, कागद हातमा उना," तो अहिराणीत म्हणाला. "नववी शिकेल शे मी, ताई. वाचता येस माले. कागदवर धुवानं लिखेलच नव्हतं."

"एरर आली होती का? अशी चौकट?"

"नई. मांगला महिनामा उनी व्हती, ती माले याद शे. तवय जुनाच कागद छपायना, साहेबनी मायबाप काढात मना. म्हनीसन काल मी लॉट नंबर दोन येळा देखा. बरोबर व्हता. कालनाच लॉट."

"धुणं नाही म्हटल्यावर काही वाटलं नाही तुला?"

चिंधा बराच वेळ खोकत राहिला. मग म्हणाला, "वाटनं. मी लोटूदाजीले इचारं. तो बोलना, लॅबवाला शिकेल लोके शेतस, त्यासनी काही नवीन काढं व्हई. लिखं शे तसंच कर." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "आनि वाकना देखाले."

हवालदारानं शेंगदाण्यांची पुडी बंद केली.

"पत्रक बंद करताना काय केलंस?"

"तो इचारस ना, जतन करू का म्हनीसन. हो म्हनं."

छाया उठली. "बस इथंच. कुठं जाऊ नको."

"कोठे जासू?" चिंधानं हवालदाराकडे पाहिलं.

४

लॅब वरच्या मजल्यावर होती. पांढऱ्या फरशा, काचेची भांडी, खिडकीत मोठा पंखा गरगरत होता. दिपाली शिरुडे धुळ्याची, विद्यापीठात पहिली आलेली. मिलमध्ये तिच्याविषयी कोणी वाकडा शब्द बोलत नसे. काल संध्याकाळी हॉस्पिटलात ती लोटूच्या बायकोजवळ बसून होती, हे तिघांनी छायाला वाटेत सांगितलं.

"भयंकर झालं," दिपाली म्हणाली. डोळे रडून सुजलेले होते, आणि ते खोटं नव्हतं. "मला झोपच नाही."

"त्या लॉटची कृती कधी टाकलीस?"

"काल सकाळीच. कापडच मुळी सकाळी आलं. आल्या आल्या टाकली."

"धुलायांसकट?"

"अर्थात! देसलेसाहेबांनी बघितलंय. तुम्हीही बघा." तिनं कॉम्प्युटरचा पडदा वळवला. डेटाबेसमध्ये कृतीच्या ओळी होत्या. कॉस्टिक, हायड्रो, धुलाई, धुलाई, अ‍ॅसिड. छायानं त्या बघितल्या. ओळींच्या डावीकडे डेटाबेसनं आपोआप घातलेले क्रमांक होते, तेही तिनं बघितले.

"एरर पहिल्यांदा कोणी पाहिली?"

"मीच. आरडाओरडा ऐकून खाली धावले. सगळे लोटूला उचलून फाटकाकडे पळत होते. म्हटलं, कॅबिनमध्ये कृती तरी बघावी, चुकलं कुठं. तर एरर होती, आणि पत्रक कोरं. मी लगेच देसलेसाहेबांना सांगितलं."

"अगदी कोरं?"

"एक ओळ नव्हती त्यात."

"एक्सेल वापरतेस तू?"

दिपालीच्या ओठावर, त्या सुजलेल्या डोळ्यांखाली, जरासं हसू आलं. "छे. मी थेट डेटाबेसमध्ये काम करते. एक्सेल कारकुनांसाठी ठीक आहे. ती नुसती खिडकी. जोडणी तुटल्यावर खिडकीतून काय दिसणार?"

छाया तिच्याकडे बघत राहिली. तिला ही मुलगी आवडावी असं खूप काही होतं. हुशार होती, स्पष्ट बोलत होती, मूर्खांना मूर्ख समजत होती. तिच्या बोलण्यात छायाला आपलाच आवाज ऐकू आला, आणि तो तिला आवडला नाही.

"खाली ये," ती म्हणाली. "सगळ्यांनाच बोलावलंय."

५

कॅबिनमध्ये सात माणसं मावत नव्हती. शेठ खुर्चीवर, देसले दाराला टेकून, कुंदन आणि दिपाली भिंतीशी, चिंधा आणि हवालदार उंबऱ्यात.

"चालू झालं काय?" शेठनी विचारलं.

"गप्प बसा," छाया म्हणाली. शेठ खरंच गप्प बसले. त्यांना असं कोणी बऱ्याच वर्षांत सांगितलं नसावं.

"जोडणी आपोआप तुटली नाही. पत्त्यात कोणीतरी एक अक्षर जास्त टाकलं. प्रश्न एवढाच, की अपघाताच्या आधी की नंतर? तुम्ही सगळे धरून चाललात, आधी. कारण तुम्हाला तसं सांगितलं गेलं." तिनं पडद्यावरची चौकट बाजूला केली. "हे पत्रक. जोडणी तुटली की एक्सेल कोरं होत नाही. शेवटची ओढून घेतलेली कृती तशीच राहते. मागच्या महिन्यात म्हणूनच जांभळा लॉट निघाला. आता इथं लॉट नंबर वाचा, देसलेसाहेब."

देसल्यांनी वाचला. त्यांचा चेहरा बदलला. "हा कालचाच."

"जो कालच सकाळी आला आणि कालच सकाळी डेटाबेसमध्ये गेला. म्हणजे काल सकाळी जोडणी धडधाकट होती. कागद निघाला होता. चिंधा खरं बोलतोय. आता खालच्या ओळी वाचा. मोठ्यानं."

"कॉस्टिक. हायड्रो. अ‍ॅसिड." देसले थांबले. "धुलाई नाही."

उंबऱ्यात चिंधा खोकला.

"चिंधानंच धुलाईच्या ओळी खोडल्या असतील!" दिपाली म्हणाली. "नंतर, आपली मान सोडवायला."

"पत्रक शेवटचं जतन झालं ते अपघाताच्या आधी. कॉम्प्युटर वेळ लिहून ठेवतो. अपघात व्हायच्या आधीच त्यातून मान सोडवायची तयारी करणारा माणूस मला अजून भेटायचाय." छाया वळली. "तर, धुलाई डेटाबेसमध्ये मुळात नव्हती. अपघातानंतर कोणीतरी ती घातली, आणि मग इथं येऊन जोडणी तोडली. म्हणजे कागद निघालाच नव्हता असं म्हणता यावं. खरं सांगते, मला मनापासून वाटत होतं की हे देसल्यांनी केलं असावं. चेहराही शोभतो."

"मॅडम!"

"पण ज्यानं हे केलं, त्याला वाटत होतं की जोडणी तुटली की पत्रक कोरं होतं. देसल्यांना ठाऊक आहे की होत नाही. त्यावरून त्यांनी शिव्या दिल्यात. कुंदनला ठाऊक आहे. चिंधाला तर त्या शिव्या पडल्यात. ह्या मिलमध्ये एकच माणूस मला म्हणालं, की मी डोळ्यांनी कोरं पत्रक पाहिलं." तिनं दिपालीकडे पाहिलं. "तू ते उघडलंच नाहीस. पत्त्यातलं अक्षर बदललंस आणि निघून गेलीस. कारकुनांची खिडकी कोण उघडून बघतं?"

दिपालीनं दाराकडे पाहिलं; तिथं हवालदार उभा होता.

"वर लॅबमध्ये त्या दोन धुलायांच्या ओळींचे क्रमांकही मी बघितले. डेटाबेस ते आपोआप, क्रमानं देतो. सकाळच्या कृतीत बसलेल्या ओळी, पण क्रमांक त्यानंतर टाकलेल्या लॉटच्याही पुढचे. तिथं तुझ्याशिवाय कोणी काही टाकत नाही."

मग दिपाली बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता. "धुलाई गाळली की पाणी आणि वाफ दोन्ही वाचत होती. नवी पद्धत होती माझी. अहमदाबादच्या परिषदेत तिच्यावर निबंध वाचणार होते. लॅबमध्ये दहादा केलं होतं, बीकरमध्ये काहीच झालं नव्हतं."

"वर पंखा आहे. आणि बीकरला छाती नसते." छाया तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "खाली कोणाला सांगितलंस? की हा प्रयोग आहे, वाकून बघू नका?"

"त्यांना काय कळलं असतं?"

हे शब्द निघाले आणि कॅबिनमध्ये पडून राहिले. दिपालीला ते स्वतःलाच ऐकू आले असावेत. तिनं तोंडावर हात घेतला.

"एक सांगते," छाया म्हणाली. "काहीच केलं नसतंस, तर आज कोणीही पत्रक उघडल्याबरोबर तुझी दुरुस्त कृती जुनीवर बसली असती. पुरावा आपोआप पुसला गेला असता. तू जोडणी तोडलीस, आणि तो जपून ठेवलास."

६

सगळे बाहेर पडल्यावर शेठ मागे राहिले.

"छायाबेन," ते गोड आवाजात म्हणाले, "पोरगी हुशार आहे. तिचं लग्न ठरेल उद्या. मिलचं नाव आहे. लोटू तर काय परत येणार नाही. मी तुम्हाला कशासाठी बोलावलं? जोडणी चालू करायला. पत्ता दुरुस्त झालाच आहे. एक बटन दाबा अने चा पीओ."

"चिंधाचं काय?"

"ते लोक सांभाळून घेतात आपसात."

छायानं कॉम्प्युटरसमोरची खुर्ची ओढली आणि ती स्वतः तिच्यावर बसली. शेठ उभेच राहिले. चहा आला, गार झाला. शेठनी दोनदा फोन करायला जाऊन पाहिलं, तिसऱ्यांदा गेलेच नाहीत. निरीक्षक आले तेव्हा ती तिथंच बसलेली होती. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं आणि त्यांनी तसं कबूल केलं, म्हणून छाया त्यांच्याशी सभ्यपणे वागली. तिनं त्यांना एकेक ओळ वाचायला लावली, आणि त्यांनी पत्रक छापून त्यावर सही केल्याशिवाय खुर्ची सोडली नाही. मग त्यांना वरच्या लॅबमध्ये नेऊन क्रमांक दाखवले.

हवालदार चिंधाजवळून उठला आणि लॅबच्या जिन्याकडे गेला. शेंगदाण्यांची पुडी त्यानं बाकावरच ठेवली, चिंधासाठी.

फाटकाशी लोटूची बायको उषाबाई उभी होती. लोटूचा डबा आणि कपडे न्यायला ती लिंबायतहून आली होती, सोबत दोन शेजारणी. देसले तिला टाळून दुसऱ्या बाजूनं जात होते. छायानं त्यांना हाक मारून थांबवलं आणि उषाबाईजवळ गेली. दिवसभरात पहिल्यांदाच तिला शब्द जुळवावे लागले.

"बाई, तुमच्या नवऱ्याची चूक नव्हती. चिंधाचीही नव्हती. कृतीच चुकीची लिहिलेली होती. सिद्ध झालंय ते."

उषाबाईनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आभार नव्हते. असलीच तर कीव होती.

"माले ठाऊकच व्हतं," ती म्हणाली. "ज्यासले ठाऊक नव्हतं, त्यासले सांगा."

डबा काखेत धरून ती निघून गेली.

पाळी बदलण्याचा भोंगा वाजला, आणि आतून बाहेरून कामगारांचे दोन लोंढे फाटकात येऊ लागले. सकाळी ह्याच जागेवर देसल्यांनी भाषण दिलं होतं.

"चला," छाया देसल्यांना म्हणाली.

"कुठं?"

"इथंच. ह्या पिंपावर चढा."

"मॅडम, मी मॅनेजर आहे."

"म्हणूनच. सकाळी तुम्ही सांगितलंत ना? मग आताही तुम्हीच सांगा."

देसले इकडेतिकडे पाहत राहिले. निरीक्षक अजून गेलेले नव्हते, ते बघत होते. शेठ ऑफिसच्या खिडकीतून बघत होते. देसले पिंपावर चढले. लोक थांबले, डबे हातात घेऊन.

"लोटू बोरसेची," देसले म्हणाले आणि त्यांनी घसा खाकरला, "चूक नव्हती."

मागच्यांना काही ऐकू आलं नाही. कोणीतरी विचारलं, काय म्हणतोय?

"मोठ्यानं," छाया म्हणाली.